कोड हलतो, चर्चा अडकते: मुक्त प्रकल्पाने रेपो कुठे ठेवावेत?

लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या अनेकांच्या नजरेखालून लोहित देवनागरी हा फॉन्ट गेलेला असतो, नाव ठाऊक असो वा नसो. लिनक्स बनवणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी तो वर्षानुवर्षं सांभाळला. अक्षरांचे आराखडे, जोडाक्षरांचे नियम, चाचण्या असं सगळं फेडोरा या लिनक्स प्रकल्पाच्या ‘फेडोराहोस्टेड’ या साइटवर असायचं. 2017 साली मार्चच्या सुरुवातीला ती साइट बंद झाली आणि तिथल्या प्रकल्पांना दुसरीकडे जावं लागलं. लोहित गेला पगूरवर. पगूर ही फेडोराच्याच मंडळींनी लिहिलेली, कोड ठेवायची प्रणाली. 2024च्या डिसेंबरात फेडोराने पगूरही सोडून फोर्जेयो नावाच्या प्रणालीकडे जायचं ठरवलं.

या सगळ्या हलवाहलवीत कोणाचा निष्काळजीपणा नाही, मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा कोड कोणीही वाचू आणि बदलू शकतो अशा सॉफ्टवेअरच्या, जगात हे नेहमीचंच आहे. म्हणून ‘आपला कोड कुठे ठेवायचा’ हा प्रश्न नव्या गटापुढे आला की ‘कुठली साइट चांगली’ एवढ्यावर चर्चा थांबते याचं मला वाईट वाटतं. आज चांगली असलेली साइट दहा वर्षांनी तशीच असेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. विचारायचं ते असं: इथून निघायची वेळ आली तर आपल्याबरोबर काय येईल आणि काय मागे राहील?

त्याचं उत्तर कळायचं तर रेपो, म्हणजे प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांच्या बदलांचा इतिहास यांचा साठा, ठेवणं म्हणजे नेमकं काय ठेवणं, हे आधी बघायला हवं.

कोड स्वतः फार सहज हलतो

कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवायला आज बहुतेक प्रकल्प गिट हे साधन वापरतात. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सने ते 2005च्या एप्रिलमध्ये लिहिलं. त्यामागेही जागेचाच वाद होता. लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, कोड तेव्हा एका कंपनीच्या बिटकीपर या बंदिस्त प्रणालीत सांभाळला जात होता. कंपनीने फुकट वापराची परवानगी काढून घेतली आणि जगातला सर्वांत महत्त्वाचा मुक्त प्रकल्प रातोरात उघड्यावर आला. त्या अनुभवातून जन्मलेल्या गिटची रचनाच अशी आहे की कुठल्याही एका सर्व्हरवाचून त्याचं अडत नाही.

त्याआधीच्या सबव्हर्जनसारख्या प्रणालींत सगळा इतिहास मध्यवर्ती सर्व्हरवर असायचा आणि तुमच्याकडे फक्त ताजी प्रत. गिटमध्ये तुम्ही रेपो क्लोन केला, म्हणजे त्याची प्रत उतरवून घेतली, की पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास तुमच्या लॅपटॉपवर येतो. शिवाय प्रत्येक बदलाला, म्हणजे कमिटला, एक लांबलचक ओळख-आकडा मिळतो. तो त्या कमिटच्या मजकुरावरून आणि त्याआधीच्या कमिटच्या आकड्यावरून गणिताने काढलेला असतो. मागच्या एखाद्या कमिटमध्ये कोणी एक स्वल्पविराम जरी बदलला तरी तिथून पुढचे सगळे आकडे बदलतात आणि लबाडी उघडी पडते.

याची खरी परीक्षा 2011 साली झाली. कर्नलचा कोड जिथे असतो त्या केर्नेल डॉट ऑर्गच्या सर्व्हरांत घुसखोरी झाल्याचं ऑगस्टमध्ये उघडकीस आलं आणि साइट महिन्याहून जास्त काळ बंद राहिली. तरी काम थांबलं नाही. टॉरवाल्ड्सने आपला रेपो तात्पुरता गिटहब या रेपो ठेवायच्या साइटवर टाकला आणि लोक तिथून घेऊ लागले. कोड गुपचूप बदलला गेला असेल का, ही भीती फार टिकली नाही, कारण हजारो लोकांच्या यंत्रांवर तोच इतिहास त्याच आकड्यांसह पडलेला होता. नवा आकडा जुळला नसता तर कोणाच्या तरी नजरेस ते आलंच असतं.

म्हणजे निव्वळ कोड एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायचा तर ते दोन आज्ञांचं काम आहे: जुन्या जागेवरून पूर्ण प्रत उतरवा, नव्या जागी चढवा. मध्यम आकाराच्या रेपोला चहा होईपर्यंतचा वेळ पुरतो.

मग अडकतं काय?

कोडभोवती जे साचलेलं असतं, ते अडकतं. गिटहब, गिटलॅब, फोर्जेयो या गिट ठेवण्याच्या जागा तर आहेतच, पण त्याच्यावर त्यांनी बराच मोठा संसार मांडलेला आहे. चुका आणि मागण्या नोंदवायची यादी, म्हणजे इश्यू. ‘माझा हा बदल घ्या’ अशी विनंती, जिला गिटहब पुल रिक्वेस्ट म्हणतं आणि गिटलॅब मर्ज रिक्वेस्ट. त्या विनंतीवर ओळीओळीला झालेली चर्चा. प्रत्येक बदलावर आपोआप चाचण्या चालवणारी यंत्रणा, जिला सीआय म्हणतात. कोणाला काय करायची मुभा आहे याच्या नोंदी. आणि लोकांची वापरकर्ता-नावं. यातलं जवळजवळ काहीच गिटच्या आत नसतं. ते त्या साइटच्या डेटाबेसमध्ये असतं.

आणि प्रकल्पाची अक्कल बरीचशी तिथेच असते. ‘हे फंक्शन असं विचित्र का लिहिलंय?’ याचं उत्तर कोडमध्ये क्वचित सापडतं. ते सहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या इश्यूत असतं. तिथे कोणीतरी जुन्या प्रिंटरवर ‘क्ष’ तुटतो म्हणून कळवलेलं असतं आणि तिघांनी डोकं लावून उपाय काढलेला असतो.

पायथन भाषेचं उदाहरण घ्या. तिचा मुख्य कोड 2017च्या फेब्रुवारीत स्वतःच्या मर्क्युरियल (गिटसारखंच दुसरं साधन) सर्व्हरवरून गिटहबवर गेला. पण चुकांची यादी तेव्हा हलली नाही. ती बग्ज डॉट पायथन डॉट ऑर्गवर राउंडअप नावाच्या प्रणालीत होती आणि ती गिटहबवर यायला 2022चा एप्रिल उजाडला. कोड आणि चर्चा यांच्यात पाच वर्षांचं अंतर! आजही पायथनचा इतिहास चाळला तर जुन्या कमिटच्या सुरुवातीला ‘बीपीओ’ आणि पुढे आकडा दिसतो, नव्या कमिटला ‘जीएच’ आणि आकडा. गिटहबवर इश्यू आणि पुल रिक्वेस्ट एकाच क्रमात मोजले जातात, त्यामुळे जुने आकडे जसेच्या तसे ठेवणं शक्यच नव्हतं. कोणता आकडा कोणत्या यादीतला हे कळावं म्हणून ही उपसर्गांची सोय करावी लागली.

एलएलव्हीएम या कंपायलर (कोडचं यंत्राला कळणाऱ्या रूपात भाषांतर करणारं साधन) प्रकल्पाचीही तीच तऱ्हा. कोड 2019च्या ऑक्टोबरात सबव्हर्जनहून गिटहबवर. चुकांची यादी 2021च्या अखेरीस. बदल तपासायची चर्चा फॅब्रिकेटर नावाच्या वेगळ्या प्रणालीत चालायची, ती पुल रिक्वेस्टवर आली 2023च्या सप्टेंबरात. मधल्या काळात फॅब्रिकेटर बनवणाऱ्या कंपनीने 2021 साली त्याचं काम थांबवलं होतं, त्यामुळे नुसतं बसून राहण्याचा पर्यायही उरला नव्हता.

झिग या प्रोग्रॅमिंग भाषेने 2025च्या नोव्हेंबरात गिटहब सोडून कोडबर्ग ही दुसरी साइट गाठली तेव्हा वेगळा मार्ग धरला. जुने इश्यू जिथे होते तिथेच ठेवले आणि नव्या जागी क्रम 30000 पासून सुरू केला, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांची गल्लत व्हायला नको. सगळं सामान न्यायचा हट्ट सोडून, ज्या जुन्या इश्यूला पुन्हा हात लावायची वेळ येईल तेवढाच नव्या जागी आणायचा. मला ही युक्ती फार समंजस वाटते.

इथे पगूरची एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण हे करता येतं हे फार थोड्यांना माहीत असतं. पगूरमध्ये प्रत्येक प्रकल्पाचे चार गिट रेपो असतात: एक कोडचा, एक दस्तऐवजांचा, एक इश्यूंचा आणि एक बदलविनंत्यांचा. म्हणजे चर्चाही गिटमध्येच, क्लोन करून घरी नेता येईल अशी. पगूर मागे पडलं त्याची कारणं वेगळी आहेत. सांभाळणारे हात कमी होते आणि मोठ्या प्रणालींतल्या सोयी त्यात येईनात. पण ही रचना मोठ्यांनी उचलली असती तर हा लेख निम्म्यात संपला असता.

मोठ्या घरी राहण्याचे फायदे, आणि त्याची किंमत

गिटहब 2008 पासून आहे, आणि तिथे जावं असं वाटण्यामागे खरी कारणं आहेत. मुक्त प्रकल्पांना चाचण्यांची यंत्रणा फुकट मिळते. सर्व्हर पडला तर रात्री उठायची जबाबदारी दुसऱ्याची असते. सगळ्यांत मोठं म्हणजे माणसं तिथे आधीच आहेत. नगर किंवा रत्नागिरीच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला तुमच्या प्रकल्पातली एक चूक दुरुस्त करावीशी वाटली, तर तिचं खातं तिथे बहुधा असतंच. दुसरीकडे नवं खातं उघडा, ईमेलची खात्री करा, मंजुरीची वाट बघा, एवढ्यात हुरूप ओसरतो. मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्ट या व्यवसाय सांभाळायच्या सॉफ्टवेअरचा कोड गिटहबवर आहे, मुंबईच्याच ‘एक टाइप’ गटाचे मुक्ता आणि बालू हे फॉन्टही तिथेच आहेत. त्यांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. सापडण्याला मोल आहे.

किंमत अशी, की निर्णय दुसऱ्याच्या हातात जातात. इतिहास बघा. सोर्सफोर्ज 1999 सालचं, एके काळी मुक्त सॉफ्टवेअरचं हक्काचं ठिकाण. 2015 साली त्यांनी जिंप या चित्रसंपादकाच्या विंडोज आवृत्तीचं सोडून दिलेलं पान स्वतःच्या ताब्यात घेतलं आणि तिथल्या इन्स्टॉलरसोबत इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरच्या जाहिराती जोडल्या. जिंपचे लोक तिथून 2013 सालीच निघून गेले होते, तरी नाव त्यांचंच वापरलं गेलं. पुढे सोर्सफोर्जचे मालक बदलले आणि 2016 साली ती पद्धत बंद झाली, पण गेलेला विश्वास सहज परतत नाही. गूगल कोड 2006 साली सुरू झालं. 2015च्या मार्चमध्ये ते बंद होणार असं जाहीर झालं आणि 2016च्या जानेवारीत ते बंद झालं, एवढी मोठी कंपनी मागे असून. गिटोरियस 2015 साली गिटलॅबने विकत घेतलं आणि काही महिन्यांतच मिटवलं. बिटबकेटने 2020 साली मर्क्युरियल रेपो काढून टाकले, तेव्हा सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहाने ऑक्टोबस या कंपनीच्या मदतीने अडीच लाखांहून जास्त सार्वजनिक रेपो उतरवून वाचवले. गिटहब स्वतः 2018 साली मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला घेतलं.

कायदा आणि सरहद्द हा वेगळाच भाग आहे. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे 2019च्या जुलैत इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या विकसकांचे खासगी रेपो आणि काही सोयी गिटहबवर अडल्या. इराणपुरती वाट मोकळी व्हायला 2021चा जानेवारी लागला, तोही अमेरिकी सरकारकडून परवाना मिळवल्यावर. ज्यांचे रेपो अडले त्यांनी काही वावगं केलेलं नव्हतं, ते फक्त तिथे राहत होते.

आपल्याकडेही हे घडून गेलंय. 2014च्या डिसेंबरात दूरसंचार खात्याने 32 साइट बंद करायचा आदेश काढला. त्यामागे मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाची, म्हणजे एटीएसची, मागणी होती. दहशतवादी मजकूर पसरवला जातोय, असं कारण दिलं गेलं. यादीत गिटहबचं नाव होतं, सोर्सफोर्जचं होतं, व्हिमिओ आणि इंटरनेट अर्काइव्हचंही होतं. काही दिवसांत बऱ्याच साइट पुन्हा उघडल्या. पण वर्षाच्या शेवटी ज्यांना आपलाच कोड दिसेना त्यांना त्या दिवशी कळलं, की एका पत्त्यावर विसंबून राहणं म्हणजे काय.

आणि 2020च्या ऑक्टोबरात अमेरिकी संगीत कंपन्यांच्या संघटनेने कॉपीराइट कायद्याखाली नोटीस पाठवली आणि यूट्यूब-डीएल हा रेपो गिटहबवरून काढला गेला. नोव्हेंबरच्या मध्याला तो परत आला. गिटहबने त्या वेळी विकसकांच्या बाजूने उभं राहून अशा नोटिशींची छाननी कडक केली, हे त्यांच्या खात्यावर जमा करायला हवं. मधले तीन आठवडे मात्र रेपो बंदच होता.

स्वतःचा सर्व्हर ठेवला तर?

हे सगळं वाचून ‘आपलंच काहीतरी उभारू’ असं मनात येतं. लिनक्सच्या जगातल्या बऱ्याच मोठ्या समूहांनी ते केलंही. डेबियन, गनोम आणि फ्रीडेस्कटॉप 2018च्या सुमारास, केडीई 2020 साली, असे सगळे स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेल्या गिटलॅबकडे गेले. गिटलॅबची एक आवृत्ती पूर्ण मुक्त आहे आणि दुसरी, जास्त सोयींची, विकायची आहे. डेबियन आणि गनोमने येण्यापूर्वी एक अट मांडली: कोड देणाऱ्याकडून हक्कांचा करार लिहून घेणं बंद करा. 2017च्या नोव्हेंबरात गिटलॅबने ते मान्य केलं. मोठ्या समूहाकडे घासाघीस करायची ताकद असते, ती वापरायला हवी.

पण स्वतःचा सर्व्हर म्हणजे स्वतःची रात्रपाळी. पीएचपी या वेबसाइटसाठीच्या भाषेचं काय झालं ते जरा सविस्तर सांगतो. 2021च्या मार्चअखेरीस त्यांच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर, पीएचपीच्या मुख्य कोडमध्ये, दोन कमिट आले. एकावर नाव भाषेचे जनक रासमुस लेर्डोर्फ यांचं, दुसऱ्यावर प्रमुख विकसक निकिता पोपोव्ह यांचं. संदेश साधा, टायपिंगची चूक सुधारल्याचा. आत मात्र मागचं दार होतं: विनंतीसोबतच्या माहितीत एका विशिष्ट शब्दाने सुरू होणारा मजकूर आला की सर्व्हरवर हवा तो कोड चालवता यावा असं. दोघांनीही ते कमिट केलेच नव्हते. गिटमध्ये कमिटवरचं नाव हा नुसता मजकूर असतो, कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतो. स्वाक्षरी केलेली नसेल तर त्या नावाला पुराव्याची किंमत नाही. इतर विकसकांनी काही तासांतच ते हेरलं आणि प्रकाशित आवृत्तीत ते गेलं नाही. त्यानंतर पीएचपीच्या मंडळींनी ठरवलं की स्वतःचा गिट सर्व्हर चालवणं हा विनाकारण ओढवून घेतलेला धोका आहे. गिटहबवरची प्रत तोवर नुसती नक्कल होती, तीच आता मूळ झाली.

केडीईची 2013 सालची गोष्ट त्याहून अंगावर काटा आणणारी. मार्चमध्ये गिट सर्व्हर सुरक्षा-सुधारणांसाठी बंद करून पुन्हा सुरू केला, तर फाइल-व्यवस्थाच बिघडलेली निघाली. सुमारे दीड हजार रेपो. तरी काळजी नव्हती, कारण जगभर मिरर, म्हणजे आपोआप अद्ययावत होणाऱ्या प्रती, ठेवलेल्या होत्या. झालं असं की त्या प्रतींनी इमानेइतबारे आपलं काम केलं आणि मुख्य सर्व्हरवरची बिघडलेली स्थितीच उतरवून घेतली. वाचले ते एका वेगळ्या सर्व्हरवर नुकत्याच काढलेल्या, अजून न बिघडलेल्या प्रतीमुळे. सतत अद्ययावत होणारी प्रत ही बॅकअप नव्हे. बॅकअपला काल कसं होतं ते आठवायला हवं.

हा धोका मोठ्या कंपनीलाही चुकत नाही. 2017च्या 31 जानेवारीला गिटलॅबच्या स्वतःच्या साइटवर एका थकलेल्या अभियंत्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, त्यातली एकही नीट चालत नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी कोणीतरी काढलेली प्रत मिळाली आणि तेवढ्या सहा तासांचा डेटा गेला. काय गेलं आणि काय राहिलं तेही पाहा: गिट रेपो सगळे शाबूत, गेले ते इश्यू, टिप्पण्या, नवी खाती. वर मांडलेला भेद इथे जसाच्या तसा दिसतो. गिटलॅबने ही दुरुस्ती लोकांसमोर, थेट प्रक्षेपण करत केली. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो यामुळे.

अलीकडे आणखी एक ओझं वाढलंय. भाषा-मॉडेलांसाठी मजकूर गोळा करणारे बॉट एकेका रेपोचं प्रत्येक कमिट, प्रत्येक जुनी फाइल, प्रत्येक ओळीचा इतिहास मागत सुटतात. 2025च्या सुरुवातीला गनोमच्या गिटलॅबवर हा भार इतका झाला की त्यांनी अनुबिस नावाचं छोटं मुक्त साधन पुढे बसवलं. ते आत सोडण्याआधी ब्राउझरकडून एक गणित सोडवून घेतं. माणसाला थोडा वेळ थांबावं लागतं, लाखो पानं उपसणाऱ्या बॉटला ते महाग पडतं. स्वयंसेवकांच्या पैशांवर आणि झोपेवर चालणाऱ्या सर्व्हरला हा त्रास किती होतो, हे बाहेरून कळत नाही.

या दोन टोकांच्या मधली जागा म्हणजे ना-नफा संस्थेचा सर्व्हर. बर्लिनमधली कोडबर्ग ही 2018 साली स्थापन झालेली सदस्यांची नोंदणीकृत संस्था हे करते. तिथे चालतं ते फोर्जेयो. फोर्जेयो 2022 साली गिटी या अशाच एका प्रणालीपासून फुटून निघालं, कारण गिटीचं डोमेन आणि ट्रेडमार्क समूहाला न विचारता एका नव्या कंपनीकडे गेले. फोर्जेयोची नावं आणि डोमेन कोडबर्ग संस्थेच्याच ताब्यात आहेत. एका छोट्या यंत्रावरही ते चालतं, हा त्याचा मोठा गुण.

फेडोराने दोनदा ठरवलं

कुठे जायचं याइतकंच कसं ठरवायचं हेही महत्त्वाचं, हे फेडोराच्या दोन निर्णयांकडे पाहिलं की पटतं. 2020 साली रेड हॅटमधल्या, फेडोरा आणि सेंटओएस या दुसऱ्या लिनक्सचा डोलारा सांभाळणाऱ्या गटाने सगळ्यांकडून गरजा मागवल्या. मार्चअखेरीस त्यांनी गिटलॅबची निवड जाहीर केली. पर्याय वाईट नव्हता. पण गरजांवरून निर्णयापर्यंतचा प्रवास लोकांसमोर झाला नव्हता, आणि फेडोराला पूर्ण मुक्त साधन हवंय या मागणीचं वजन किती धरलं हे कोणाला दिसलं नाही. समूह दुखावला. ठरलेलं स्थलांतर तसं झालंच नाही. पगूर पुढची कितीतरी वर्षं चालत राहिलं.

2024 साली फेडोराच्या परिषदेने पुन्हा विषय हाती घेतला. या वेळी गिटलॅब आणि फोर्जेयो दोन्ही समोर ठेवले, लोकांकडून ‘मला रोज हे करावं लागतं’ अशा स्वरूपात गरजा लिहून घेतल्या आणि चर्चा उघड्यावर केली. निवड फोर्जेयोची झाली. काही जण नाराज असतीलही, पण ‘आम्हाला विचारलंच नाही’ असं म्हणायला जागा राहिली नाही. स्वयंसेवकांच्या प्रकल्पात ही जागा न ठेवणं हेच अर्धं काम आहे. पगार देऊन कोणाला नव्या साइटवर ओढून नेता येत नाही.

छोट्या गटाने काय करावं?

मराठी शुद्धलेखन तपासणारं साधन, गावाच्या नकाशांचा संच, फॉन्ट, असा प्रकल्प सात-आठ जण मिळून करत असतील तर माझं मत स्पष्ट आहे: स्वतःचा सर्व्हर उभारू नका. निदान दोन माणसं वर्षानुवर्षं, परीक्षा आणि लग्नसराईच्या दिवसांतही, सुरक्षा-सुधारणा बसवतील याची खात्री असेल तरच तो विचार करा. एकच माणूस असेल आणि त्याला नोकरी लागली की सर्व्हर अनाथ होतो. गिटहब घ्या किंवा कोडबर्ग घ्या. मूल्यांना जास्त महत्त्व देत असाल तर कोडबर्ग, नवख्या विद्यार्थ्यांची वर्दळ हवी असेल तर गिटहब. कोडबर्ग फक्त मुक्त परवान्याच्या कोडसाठी आहे आणि तिथे चाचण्यांची यंत्रणा तुलनेने मर्यादित मिळते, हेही लक्षात घ्या.

त्याआधी मात्र एक डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, विकत घ्या. मोबाइल कंपनी बदलली तरी पोर्ट केल्यावर नंबर तोच राहतो आणि लोकांना काही कळवावं लागत नाही. स्वतःचं डोमेन हे तसंच आहे. प्रकल्पाच्या कागदपत्रांत, पोस्टरवर, भाषणांत सगळीकडे तोच पत्ता द्या आणि तो आज जिथे कोड असेल तिकडे वळवा. वर्षाला हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. ते डोमेन एका व्यक्तीच्या खासगी ईमेलवर नोंदवू नका. पासवर्ड निदान दोघांकडे हवा, आणि नूतनीकरणाची तारीख सगळ्यांना माहीत हवी. साइटवरच्या संस्था-खात्याचे मालकही दोन-तीन असावेत. मालकाचा फोन हरवला, दुहेरी पडताळणीचा कोड त्यातच होता आणि दुसरा मालक नाही, असं झालं तर कुठलीही साइट सहजी मदत करत नाही.

दुसऱ्या कुठल्यातरी साइटवर रेपोची प्रत आपोआप जाईल अशी सोय करा. गिटलॅब आणि फोर्जेयो दोन्हींत ती तयार आहे. त्याशिवाय महिन्यातून एकदा इश्यू आणि चर्चा साइटच्या एपीआयमधून (प्रोग्रॅमने माहिती मागायची सोय) उतरवून, तारीख घालून, वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा. फोर्जेयोमध्ये गिटहबवरचे इश्यू आणि पुल रिक्वेस्ट आयात करण्याची सोयही आहे. एकदा एखादा छोटा रेपो आयात करून बघाच. कोणाची टिप्पणी कोणाच्या नावावर आली, चित्रं आली का, इश्यूंचे आपसातले दुवे जोडलेले राहिले का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही.

चाचण्यांच्या बाबतीत छोटीशी शिस्त पुढे फार श्रम वाचवते. खरं काम करणाऱ्या आज्ञा रेपोतल्याच एका साध्या स्क्रिप्टमध्ये लिहा आणि साइटच्या खास फाइलमध्ये फक्त ‘ही स्क्रिप्ट चालव’ एवढंच ठेवा. म्हणजे जागा बदलली तर दहा ओळी बदलतील. नाहीतर साइटच्या खास भाषेत लिहिलेल्या शेकडो ओळी नव्याने लिहाव्या लागतात, आणि त्या लिहिणारा माणूस तोवर बहुधा निघून गेलेला असतो.

आणि एखाद्या इश्यूत लांबलचक वाद होऊन निर्णय झाला की त्याचा गाभा चार ओळींत कमिटच्या संदेशात किंवा रेपोतल्या एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवा: काय ठरलं, का ठरलं, कोणता पर्याय नाकारला. ‘इश्यू 42 बघा’ एवढंच लिहिलं तर तो 42 दुसऱ्या जागी गेल्यावर कोणता ते सांगता येणार नाही. कमिटचा संदेश गिटच्या आत असतो, जो क्लोन करेल त्याच्याकडे तो जातो. ‘क्ष’चा तो तुटका प्रिंटर, त्यावरचा उपाय आणि तो सुचवणाऱ्याचं नाव तिथे लिहिलेलं असेल, तर पुढच्या स्थलांतरात ते वेगळं बांधून न्यावं लागत नाही.